एमआरआयसाठी कोटिंगवाले आयर्न ऑक्साईड नॅनोकण, काळ्या पाण्याची पूर्ण कृती

आमच्या लॅबमध्ये या प्रकाराला सगळे काळं पाणीच म्हणायचे. दिसतंही तसंच, पातळ शाई बाटलीत भरून ठेवल्यासारखं, आणि सुरुवातीला तीन-चार महिने एकामागून एक बॅच तळाशी बसत गेल्या की काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यासारखं वाटायचं ते वेगळंच. आता बऱ्यापैकी हात बसलाय म्हणून जे सगळं कुणीतरी मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं ते इथे लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट. हे केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, फ्यूम हूडखाली करायचं काम आहे, घरी नाही. आणि यातून जे निघतं ते टेस्ट ट्यूब, जेल आणि फार तर डिशमधल्या पेशींसाठी, माणसाला टोचायचं औषध नव्हे. प्राण्यांवर वापरायचं असेल तरी आधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते.

हे कण एमआरआयमध्ये करतात काय

एमआरआयला दिसतात ते मुख्यतः शरीरातल्या पाण्याचे प्रोटॉन. ते सगळे एका तालात फिरत असतात तोवर सिग्नल मिळतो, ताल बिघडला की सिग्नल विरतो, आणि हा विरण्याचा वेळ म्हणजे टी२. आता त्या पाण्यात आयर्न ऑक्साईडचा बारीक कण टाकला तर मशीनच्या फील्डमध्ये तो स्वतःच छोटासा मॅग्नेट बनतो आणि आजूबाजूचं फील्ड वेडंवाकडं करतो, शेजारून जाणाऱ्या पाण्याच्या रेणूंचा ताल लगेच बिघडतो, टी२ घटतो आणि इमेजमध्ये ती जागा काळी दिसते. गॅडोलिनियम (एमआरआयला नेहमी वापरला जाणारा दुसरा धातू) उजळ करतं आणि आपलं लोखंड काळं करतं, ढोबळमानाने एवढं लक्षात ठेवा. अगदी ३ ते ५ नॅनोमीटरचे कण घेतले तर लोखंडानेही उजळ इमेज मिळते, पण तो वेगळा विषय.

मग कण नॅनोच का हवेत? मॅग्नेटाईट म्हणजे आपलं काळं, चुंबकीय आयर्न ऑक्साईड, त्याचा कण साधारण २० ते ३० नॅनोमीटरच्या खाली गेला की तो सुपरपॅरामॅग्नेटिक होतो, म्हणजे फील्ड लावलं की चुंबक आणि काढलं की पुन्हा काही नाही. तसं नसतं तर बाटलीतच सगळे एकमेकांना चिकटून गोळा झाला असता. आपण ज्याच्या मागे लागणार आहोत तो गाभा म्हणजे कोअर साधारण १० नॅनोमीटरचा.

कोटिंग आधी ठरवा, कण नंतर

बहुतेक नवीन लोक आधी कण बनवतात, खूश होतात, आणि मग विचारतात आता यावर काय लावू. मी पण तेच केलं. गंमत अशी की कण बनणं ही काही सेकंदांची गोष्ट आहे, ते एकमेकांपासून लांब ठेवणं हेच खरं काम, आणि ते कोटिंगवरच अवलंबून असतं. भिंत बांधून झाल्यावर मारायचा रंग असं कोटिंगकडे बघू नका, कुठलं कोटिंग घेताय त्यावर पूर्ण कृतीच बदलते.

कोटिंग का लागतंच ते बघा. १० नॅनोमीटरच्या मॅग्नेटाईटचं पृष्ठफळ एका ग्रॅमला सुमारे ११५ चौरस मीटर भरतं, आणि एवढा मोठा पृष्ठभाग चिकटून चिकटून कमी करायला कण टपलेलेच असतात. त्यात या पृष्ठभागावरचा चार्ज पीएच साडेसहा-सातच्या आसपास शून्य होतो. रक्ताचा पीएच ७.४. म्हणजे नेमकं जिथे हे कण वापरायचे तिथेच त्यांना एकमेकांना दूर ढकलायला चार्ज जवळपास उरत नाही. नागड्या कणांची सुंदर काळी बॅच सलाईनमध्ये टाकली आणि पाच मिनिटांत खाली काळा गाळ वर स्वच्छ पाणी, हे प्रत्येकाने एकदा बघितलेलं असतं.

उपाय दोन. एक, पृष्ठभागावर भरपूर निगेटिव्ह चार्ज बसवा म्हणजे कण एकमेकांना ढकलत राहतील, हे काम सायट्रेट, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडचं रूप, करतं. दोन, कणाभोवती लांब साखळ्यांचं झुडूप उभं करा म्हणजे जवळ यायला जागाच नाही, हे काम डेक्स्ट्रान (साखरेची लांब साखळी) किंवा पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) करतं. सायट्रेट स्वस्त, सोपं, एका दिवसात होतं, पण मीठ वाढलं की चार्जचा परिणाम दबतो आणि कण गोळा व्हायला लागतात. डेक्स्ट्रान वेळखाऊ, पण सलाईनमध्ये टिकतं. सिलिकाचं कवच हा तिसरा रस्ता, तो मजबूत असतो पण जाड थर बसला की पाणी कणापासून लांब राहतं आणि इमेजिंगची ताकद कमी होते, त्यामुळे दुसरं काही कारण असल्याशिवाय मी त्या वाटेला जात नाही.

औषध म्हणून जे बाजारात आलं त्यातही साखरेच्या साखळ्याच दिसतील. फेरिडेक्स, ज्याला अमेरिकेत १९९६ मध्ये मंजुरी मिळाली, ते डेक्स्ट्रानचं. रेझोविस्ट कार्बोक्सीडेक्स्ट्रानचं. फेरुमॉक्सिटॉलवर पण सुधारित साखरेचंच कोटिंग आहे, ते २००९ मध्ये किडनीच्या पेशंटच्या अ‍ॅनिमियासाठी मंजूर झालं आणि डॉक्टर लोक ते एमआरआयलाही वापरायला लागले. २०१५ मध्ये त्याच्यावर तीव्र अ‍ॅलर्जीची कडक वॉर्निंग आली, म्हणजे मंजूर झालेल्या मालाची ही कथा, आपल्या फ्लास्कमधल्या मालाबद्दल तर बोलायलाच नको.

साईजचंही आधीच ठरवा. कोटिंग आणि त्याला चिकटलेलं पाणी धरून कणाचा एकूण व्यास १०० नॅनोमीटरच्या आसपास किंवा जास्त असेल तर लिव्हरमधल्या कुप्फर पेशी तो भराभर गिळतात, निरोगी लिव्हर काळं पडतं, आणि ट्यूमरमध्ये या पेशी नसल्यामुळे तो उजळ उठून दिसतो. फेरिडेक्सचा सगळा खेळ हाच होता. ५० च्या खाली ठेवलं तर कण रक्तात जास्त वेळ फिरतात आणि लिम्फ नोडपर्यंत पोचतात.

सामान

फेरिक क्लोराईड हेक्झाहायड्रेट, फेरस क्लोराईड टेट्राहायड्रेट, २५ टक्के अमोनिया, सायट्रिक अ‍ॅसिड, डीआयोनाईज्ड पाणी, नायट्रोजनचा सिलेंडर, थ्री नेक फ्लास्क, ऑईल बाथ, थर्मामीटर, जोरदार निओडिमियम मॅग्नेट, १२ ते १४ किलोडाल्टनची डायलिसिस ट्यूब (किलोडाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप, याहून लहान रेणू ट्यूबमधून बाहेर जातात).

फेरस क्लोराईडची बाटली उघडून आधी रंग बघा. फिकट हिरवा असेल तर ठीक. पिवळा-तपकिरी झाला असेल तर त्यातलं बरंच फेरस (दोन चार्जचं लोखंड) हवेने फेरिक (तीन चार्जचं) झालंय, तुम्ही वजन कितीही अचूक करा, प्रमाण चुकणारच. माझ्या पहिल्या सात बॅच चॉकलेटी रंगाच्या निघाल्या, मी ढवळण्याचा स्पीड बदलला, तापमान बदललं, अमोनिया बदलला, आणि चूक निघाली कपाटात दोन वर्षं अर्धवट झाकण लावून पडलेल्या बाटलीत.

दुसरी गोष्ट, मॅग्नेटिक स्टरर वापरू नका. ऐकायला वेड्यासारखं वाटेल पण भलेभले वापरतात. तुम्ही मॅग्नेटला ओढला जाणारा माल बनवताय आणि त्यातच मॅग्नेट फिरवताय, शेवटी अर्धा माल त्या स्टर बारला केसाळ सुरवंटासारखा चिकटलेला मिळतो. वरून दांडा सोडून फिरवायचा मेकॅनिकल स्टरर घ्या.

कण पाडायची कृती

ही पद्धत को-प्रेसिपिटेशन, १९८१ मध्ये रेने मासार यांनी जी वाट दाखवली तिचीच ही साधी आवृत्ती. एका फेरसला दोन फेरिक, त्यात अल्कली टाकलं की मॅग्नेटाईट आणि पाणी.

फ्लास्कमध्ये ५० मिली पाणी घ्या आणि त्यातून अर्धा तास नायट्रोजन बुडबुडू द्या. हा अर्धा तास लोक खातात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन काढला नाही तर फेरस फेरिक होत राहतं, म्हणजे बाटली चांगली असूनही आपणच ती बिघडवली. मग २.७० ग्रॅम फेरिक क्लोराईड आणि ०.९९ ग्रॅम फेरस क्लोराईड टाका, म्हणजे १० मिलीमोल आणि ५ मिलीमोल. फेरस शेवटी, नायट्रोजन चालू असतानाच. द्रावण पारदर्शक नारिंगी-पिवळं दिसलं पाहिजे, गढूळ असेल तर थांबा आणि विचार करा.

आता ८० अंशापर्यंत गरम करा, ढवळणं जोरात, ८०० आरपीएमच्या आसपास. तापमान स्थिर झालं की १० मिली अमोनिया सिरिंजने सेप्टममधून, म्हणजे फ्लास्कच्या रबरी बुचातून, एका दमात आत सोडा. हिशोबाने ४० मिलीमोल अल्कली लागतं आणि १० मिलीमध्ये साधारण १३० मिलीमोल असतं, म्हणजे भरपूर जास्त आहे, पण ८० अंशाला अमोनिया उडतोही बराच त्यामुळे ते ठीक. चेहरा हूडच्या काचेमागे ठेवा, गरम द्रावणात अमोनिया गेला की वाफ एकदम उसळते. फ्लास्क बंद ठेवू नका, वरच्या कंडेन्सरमधून गॅसला बाहेर जायला वाट पाहिजे.

रंग डोळ्याची पापणी लवते तोवर काळाकुट्ट होतो, कितीही वेळा केलं तरी मला हे बघायला आवडतं. काळा झाला तर बरोबर. लालसर-तपकिरी झाला तर फेरस कमी पडलंय, ती बॅच तिथेच सोडून द्या, पुढे कोटिंगचा दिवस वाया घालवू नका.

एका दमात का? अमोनिया झटकन गेला की सगळीकडे एकाच वेळी कणांची बीजं पडतात आणि साईज बऱ्यापैकी सारखी निघते. थेंब थेंब सोडला तर आधीचे कण वाढत बसतात आणि नवीनही पडत राहतात, मग दहाचे, पंधराचे, सहाचे सगळे एकाच फ्लास्कमध्ये. डेक्स्ट्रानच्या कृतीत मात्र थेंब थेंबच सोडायचा आहे, त्याचं कारण तिथे सांगतो.

अर्धा तास ८० अंशालाच ढवळत ठेवा. पीएच पट्टीवर १० च्या आसपास दिसला पाहिजे, ९ च्या खाली गेला असेल तर अजून थोडा अमोनिया.

सायट्रेटचं कोटिंग

१ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड २ मिली पाण्यात विरघळवून त्याच गरम फ्लास्कमध्ये टाका, तापमान ९५ अंशाला न्या आणि दीड तास ढवळत ठेवा. कण आधी काढून धुऊन मग कोट करू असं डोक्यात येईल, पण धुताना नागडे कण जे गोळा होतात ते नंतर सायट्रेट टाकून सुटत नाहीत, मग कोटिंग बसतं ते कणावर नाही तर गोळ्यावर. म्हणून न धुता, त्याच फ्लास्कमध्ये, लगेच.

सायट्रिक अ‍ॅसिडला तीन कार्बोक्सिल गट असतात, एक-दोन लोखंडाला धरतात, उरलेला बाहेर पाण्याकडे तोंड करून निगेटिव्ह चार्ज देत राहतो. दीड तास खूप वाटतो पण घाई केली तर अर्धवट कोट झालेले कण मिळतात आणि ते दोन दिवस छान दिसून तिसऱ्या दिवशी बसतात, जे जास्त वाईट, कारण तोवर तुम्ही सगळ्यांना यश सांगून बसलेले असता.

मग गरम करणं बंद, नायट्रोजन चालूच ठेवून रूम टेम्परेचरला येऊ द्या.

डेक्स्ट्रान घ्यायचं असेल तर

इथे कण पडतानाच साखळ्या हजर असतात. मॉल्डे आणि मॅकेन्झी यांनी १९८२ मध्ये मांडलेली ही पद्धत, आजही बहुतेक जण तिच्याच आसपास फिरतात. ४० किलोडाल्टनच्या डेक्स्ट्रानचं ५० टक्के द्रावण १० मिली घ्या, ते मधासारखं घट्ट असतं, त्यात १.५१ ग्रॅम फेरिक आणि ०.६४ ग्रॅम फेरस क्लोराईड, दोन्ही हेक्झा आणि टेट्राहायड्रेटच, नीट विरघळवा. मग ६० ते ६५ अंशाच्या पाण्यात गरम करत पातळ केलेला, साडेसात टक्क्यांचा अमोनिया थेंब थेंब सोडत पीएच १० ते ११ पर्यंत न्या आणि पंधरा मिनिटं त्याच तापमानाला ठेवा. एवढ्या घट्ट द्रावणात अमोनिया एकदम ओतला तर तो पसरायच्या आत एका जागी गाळ धरतो, म्हणून थेंब थेंब. साईज आवरायचं काम इथे स्पीड नाही, साखळ्या करतात, कण वाढायला लागला की त्या त्याला गुंडाळून टाकतात.

डेक्स्ट्रान लोखंडाला तसं हलकंच धरतं, एका साखळीवर खूप हायड्रॉक्सिल गट असतात म्हणून एकत्रित पकड टिकते. पकड पक्की करायला एपिक्लोरोहायड्रिनने साखळ्या एकमेकींना बांधतात, ते कॅन्सरकारक मानलं जाणारं रसायन आहे, शिकायच्या टप्प्यावर त्याला हात लावू नका.

धुणं, म्हणजे खरी कसोटी

सायट्रेट नीट बसलं असेल तर एक मजा होते, मॅग्नेट बाटलीला लावला तरी कण येत नाहीत. घाबरू नका, हे चांगलं लक्षण आहे, एकेकटे १० नॅनोमीटरचे कण साध्या मॅग्नेटने सहज ओढले जात नाहीत. पाच मिनिटांत सगळं मॅग्नेटकडे धावलं तर समजा गोळे झालेत. म्हणून पहिल्यांदा दुप्पट अ‍ॅसिटोन टाका, कण तात्पुरते एकत्र येतात, मॅग्नेटने बाजूला ओढा, वरचं ओता, पुन्हा पाणी घालून हलवा. दोनदा पुरे. उरलेला अ‍ॅसिटोन उडून जाऊ द्या, हॉट प्लेट आसपास नको.

त्यानंतर डायलिसिस, दोन दिवस, पाणी सहा ते आठ वेळा बदला. शेवटच्या पाण्याचा पीएच ७ ते ८. अति धुऊ नका, सायट्रेट कायमचं चिकटलेलं नसतं, आठवडाभर डायलिसिसला ठेवून विसरलात तर कोटिंगच सुटायला लागतं. डेक्स्ट्रानच्या बाबतीत मोकळं डेक्स्ट्रान ४० किलोडाल्टनचं असल्यामुळे या ट्यूबमधून बाहेर जाणारच नाही, तिथे १०० किलोडाल्टनचा फिल्टर किंवा जेलचा कॉलम लागतो.

शेवटी ४००० आरपीएमला दहा मिनिटं सेंट्रीफ्यूज. तळाला बसलेला गाळ फेकायचा आणि वरचं काळं पाणी ठेवायचं. नवीन माणूस सवयीने उलटं करतो, वरचं ओतून देतो आणि गाळ जपून ठेवतो, कारण बाकी सगळ्या केमिस्ट्रीत गाळ म्हणजे माल. एकदा माझ्याकडूनही सिंकमध्ये तीन दिवसांची मेहनत गेली आहे.

बनलंय ते तपासायचं

सुरुवात फुकटातल्या टेस्टने करा. टेस्ट ट्यूबमध्ये थोडं काळं पाणी, त्यात ०.९ टक्के सलाईन, एक रात्र ठेवा. दुसऱ्या ट्यूबमध्ये फॉस्फेट बफर. सकाळी बघा कोण बसलं. फॉस्फेट लोखंडाला जोरात धरतं आणि सायट्रेटला ढकलून देतं, म्हणून सायट्रेटचे कण साध्या पाण्यात महिनोन्‌महिने टिकून बफरमध्ये तासात बसलेले मी पाहिलेत. पेशींच्या प्रयोगाच्या सकाळी हे कळण्यापेक्षा आदल्या रात्री कळलेलं बरं.

मग डीएलएस, म्हणजे पसरलेल्या प्रकाशावरून कणाचं माप काढायचा प्रकार. हा पाण्यात फिरणाऱ्या कणाचा व्यास सांगतो, कोटिंग आणि पाण्याचा थर धरून, त्यामुळे टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) १० दिसलं आणि डीएलएसमध्ये ३० ते ४० आलं तर भांडण नाही, दोघं वेगळी गोष्ट मोजतायत. पण डीएलएसची एक खोड समजून घ्या. प्रकाश पसरवायची ताकद व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते, म्हणजे १०० नॅनोमीटरचा एक गोळा १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांएवढा चमकतो. चार गोळे असले तरी ग्राफ त्यांचाच दिसतो. म्हणून सँपल पातळ करून, धूळ टाळून, तीनदा मोजा. अगदी काळं सँपल टाकलं तर लेझरच शोषला जातो आणि आकडे भलतेच येतात, कोऱ्या चहाच्या फिकट रंगाएवढं पातळ करा.

झीटा पोटेन्शियल, म्हणजे कणावरच्या चार्जचा अंदाज, सायट्रेटला उणे ३० मिलीव्होल्ट किंवा त्याहून खाली हवं. डेक्स्ट्रानला शून्याजवळ आलं तरी चालतं, त्याचा भरोसा चार्जवर नाहीच.

एक्सआरडीमध्ये (एक्स-रेने स्फटिकाची रचना बघतात त्यात) तांब्याच्या किरणांना ३०.१, ३५.५, ४३.१, ५७.० आणि ६२.६ अंशाच्या आसपास पीक दिसले की स्पिनेल रचनेचं, म्हणजे मॅग्नेटाईटच्या घराण्यातलं, आयर्न ऑक्साईड आहे. ३५.५ च्या पीकची रुंदी ०.८ अंश असेल तर शेररच्या सूत्राने, म्हणजे ०.९ गुणिले ०.१५४, भागिले रेडियनमधली रुंदी गुणिले थीटाचा कोसाईन, उत्तर १०.४ नॅनोमीटर येतं. रुंदी रेडियनमध्ये घ्या आणि थीटा म्हणजे १७.७५, ३५.५ नाही, हे दोन्ही लोक चुकतात. मॅग्नेटाईट आणि मॅघेमाईट (त्याचंच हवेने ऑक्सिडाईझ झालेलं रूप) यांचे पीक जवळपास एकाच जागी असतात, त्यामुळे फक्त एक्सआरडी दाखवून शंभर टक्के मॅग्नेटाईट असं लिहू नका. एवढे बारीक कण हवेत हळूहळू मॅघेमाईटकडे सरकतातच, काळ्यावर तपकिरी झाक येते, इमेजिंगला फारसं बिघडत नाही.

मॅग्नेटायझेशन मोजलं तर मोठ्या तुकड्याच्या मॅग्नेटाईटचे ९२ ईएमयू प्रति ग्रॅम कधीच येणार नाहीत. ५० ते ७० आलं तर समाधानी राहा, पृष्ठभागावरचे अणू नीट रांगेत नसतात आणि वजनात कोटिंगही मोजलं जातं. ग्राफ शून्यातून जायला हवा, मध्ये फट दिसली तर काही कण मोठे झालेत.

लोखंड किती आहे ते मोजा, नीट मोजा

इमेजिंगचा सगळा हिशोब लोखंडाच्या मिलीमोलरमध्ये असतो. कणांच्या नाही, मॅग्नेटाईटच्या नाही, लोखंडाच्या. मॅग्नेटाईटच्या एका रेणूत तीन लोखंड, इथे घोटाळा झाला की आकडा तिप्पट चुकतो आणि मग जगात कुणालाच मिळाली नाही एवढी ताकद आपल्याला मिळाल्याचा आनंद होतो.

सँपलचे २० मायक्रोलिटर कडक हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये ६० अंशाला तासभर ठेवा, काळा रंग पूर्ण जाऊन स्वच्छ पिवळं झालं पाहिजे. काळा ठिपका उरला तर अजून ठेवा. मग पातळ करून हायड्रॉक्सिलअमाईनने सगळं फेरस करा, अ‍ॅसिटेट बफर, फिनँथ्रोलिन, नारिंगी-लाल रंग येतो, ५१० नॅनोमीटरला वाचा. सायट्रेटमुळे रंग हळू चढतो, अर्धा तास तरी थांबा. स्टँडर्डचा ग्राफ त्याच दिवशी काढा, गेल्या महिन्याचा वापरू नका. एक मिलिग्रॅम प्रति मिली लोखंड म्हणजे १७.९ मिलीमोलर, हे पाठच करून टाका.

फँटम आणि रिलॅक्सिव्हिटी

आता मजेचा भाग, फँटम म्हणजे शरीराऐवजी स्कॅन करायच्या नमुन्याच्या ट्यूब. ०, ०.०५, ०.१, ०.२, ०.३ आणि ०.४ मिलीमोलर लोखंडाच्या सहा ट्यूब बनवा, १ टक्का अ‍ॅगरोजमध्ये. अ‍ॅगरोज आधी पूर्ण विरघळवा, साधारण ६० अंशाला आल्यावर कण टाका, हलकेच मिसळा. बुडबुडा राहिला तर तोही इमेजमध्ये काळाच दिसतो आणि तुम्ही त्याला कण समजता. शून्यवाली ट्यूब विसरू नका, अ‍ॅगरोजचा स्वतःचा टी२ असतोच.

मल्टी इको सिक्वेन्स लावा, म्हणजे मशीन ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा सिग्नल (इको) मोजतं, प्रत्येक ट्यूबचा टी२ काढा, १ भागिले टी२ काढून लोखंडाच्या प्रमाणासमोर ग्राफ काढा. सरळ रेष आली तर तिचा चढ म्हणजे आर२ रिलॅक्सिव्हिटी, एका मिलीमोलर लोखंडामागे सिग्नल विरण्याचा वेग किती वाढतो ते. फेरिडेक्ससारख्या मालाचा आर२ १.५ टेस्लाला १०० ते १२० च्या आसपास सांगितला जातो, युनिट प्रति मिलीमोलर प्रति सेकंद. तुमचा ६० आला किंवा १५० आला तरी दोन्ही शक्य आहे, कोअरची साईज आणि कण एकेकटे आहेत की छोट्या झुबक्यात यावर ते ठरतं. झुबक्यात असले की आर२ वाढतो, त्यामुळे मोठा आकडा म्हणजे चांगली बॅच असंही नाही, कधी कधी ती बसायला लागलेली बॅच असते.

शेवटचा बिंदू रेषेच्या खाली पडत असेल तर बहुतेक वेळा टी२ इतका कमी झालाय की पहिल्याच इकोला सिग्नल संपला. गणित बघा, आर२ १२० आणि ०.४ मिलीमोलर म्हणजे नुसत्या कणांनी टी२ सुमारे २० मिलिसेकंदांवर येतो, पहिला इको तुम्ही १५ ला घेत असाल तर तोवर निम्म्याहून जास्त सिग्नल गेलेला असतो. इको जवळ आणा किंवा जास्त प्रमाणाच्या ट्यूब सोडून द्या.

पेशींकडे न्यायच्या आधी

०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. फिल्टर पटकन चोंदला तर गोळे आहेत हे त्यानेच सांगितलं. गाळल्यावर लोखंड पुन्हा मोजा, काही माल फिल्टरवर राहतोच. आणि गाळण्याने बॅक्टेरिया जातात, त्यांचं एंडोटॉक्सिन, म्हणजे त्यांच्या आवरणातलं विष, जात नाही. त्यासाठी काचसामान आधी २५० अंशाला अर्धा तास तापवलेलं हवं आणि पाणीही स्वच्छ हवं, नंतर काढू म्हटलं तर निघत नाही. पेशी मेल्या की जगल्या हे रंगाच्या टेस्टने बघताना काळ्या कणांचा स्वतःचा रंग मध्ये येतो, फक्त कण असलेली, पेशी नसलेली एक रांग ठेवा आणि तिचा आकडा वजा करा.

थर्मल डिकम्पोझिशन का नाही सांगितलं

कुणीतरी विचारणारच. आयर्न ओलिएट घेऊन ऑक्टाडेसीनमध्ये ३२० अंशाच्या आसपास उकळलं तर फार देखणे, सगळे एकाच मापाचे कण मिळतात, टीईएमचे फोटो भिंतीवर लावावेत असे. पण त्यांच्यावर ओलिक अ‍ॅसिडचं तेलकट कोटिंग असतं, पाण्यात येत नाहीत, मग ते कोटिंग बदलून पाण्यात आणायचं म्हणजे नवीन डोकेदुखी, आणि बदलताना अर्धी बॅच जाते. मॅग्नेटिक पार्टिकल इमेजिंग, जे ग्लाईश आणि वाईझनेकर यांनी २००५ मध्ये मांडलं, त्यात कणाच्या मापावरच इमेज अवलंबून असते, तिथे ही मेहनत वसूल होते. साध्या टी२ इमेजिंगला मी तरी पाण्यातली पद्धतच घेईन.

ठेवायचं कसं

४ अंशाला फ्रीजमध्ये, काचेच्या बाटलीत, वरची हवा नायट्रोजनने बदलून. गोठवायचं नाही, बर्फाचे स्फटिक कणांना कोपऱ्यात ढकलून एकत्र दाबतात आणि वितळल्यावर ते सुटत नाहीत. ओव्हनमध्ये वाळवून पावडर करायची आणि लागेल तसं पाण्यात मिसळायचं हा विचारही सोडा, एक्सआरडीपुरतं थोडं वाळवा आणि ते परत बाटलीत टाकू नका. लेबलवर लोखंड किती मिलीमोलर, कुठलं कोटिंग, डीएलएस किती आणि कुठल्या तारखेला, एवढं लिहा. महिन्यातून एकदा बाटली न हलवता तळ बघा, काळी कड दिसली तर पुन्हा डीएलएस करा, आणि आकडा दुप्पट झाला असेल तर सोनिकेटरने (अल्ट्रासाऊंडच्या यंत्राने) मारून मुटकून सरळ करत बसू नका, अर्ध्या तासाने ते पुन्हा तिथेच येतं, नवीन बॅच लावा.